पुलावरचा गुरसाळे आणि कॉर्पोरलची मुलगी

मोरेश्वर गुरसाळेला जपानात कावासाकी शहरातल्या एका कंपनीत 'ब्रिज इंजिनिअर' म्हणतात. बार्शीतल्या मामांना हे कळलं तेव्हा त्यांनी गावभर सांगून टाकलं की भाचा जपानात पूल बांधतो. मोरेश्वरने आजवर ते दुरुस्त केलेलं नाही. दुरुस्त करण्यासारखं त्यात फार काही नव्हतंही. एका काठावर जपानी गिऱ्हाईक, दुसऱ्या काठावर पुण्यातली सॉफ्टवेअरवाली पोरं आणि मधे हा आडवा पडलेला. दोन्हीकडची माणसं याच्या पाठीवरून ये-जा करतात आणि पाय पुसायची आठवण कुणालाच होत नाही.

काम ऐकायला सोपं. मीटिंगमध्ये जपानी साहेब थंडपणे म्हणतो, "असलं काम आमच्याकडे काल लागलेल्या पोरानेही केलं नसतं." मोरेश्वर पुण्याला सांगतो, "साहेब खूश आहेत, फक्त टेस्टिंग जरा वाढवू या." तिकडून पियुष म्हणतो, "त्या म्हाताऱ्याला म्हणावं, आधी डोकं तपासून घे." मोरेश्वर कमरेतून वाकतो आणि शुद्ध जपानीत सांगतो, "आपल्या सूचनेचा आम्ही गांभीर्याने विचार करत आहोत." एकोणीस वर्षं हे चाललं आहे. एकोणीस वर्षांत या दोन टोकांना एकमेकांबद्दल काय वाटतं हे एकमेकांना कळलेलं नाही, म्हणूनच धंदा टिकून आहे.

सवय घरीही आली. बार्शीहून आई फोनवर म्हणायची, "तुझ्या बायकोला सांग, वर्षातून एकदा तोंड दाखवलंस तर आम्ही काय खाणार नाही तुला." मोरेश्वर फोन ठेवून म्हणायचा, "दमू, आई तुझी आठवण काढत होती." दमयंती कणीक मळता मळता नवऱ्याकडे नुसती बघायची. पंधरा वर्षं तिने सासूचं एकही वाक्य मूळ चवीत ऐकलेलं नव्हतं. लेक जुई तर बापाशी जपानीतच बोलायची. शाळेच्या पालकसभेला बापाने दुभाषेपणा केला की तिला घाम फुटायचा. "बाबा, बाई म्हणत होत्या की मी वर्गात लक्ष देत नाही. आईला तुम्ही सांगितलंत, जुई स्वतंत्र विचारांची आहे. काय हे!"

अशा माणसाचं कुणाशी भांडण असू नये. पण टोकियोतल्या हिगाशी-कसाई नावाच्या वस्तीत, त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर मिझुनो-सान राहायच्या.

हात्सुए मिझुनो. वय चौऱ्याहत्तर. इमारतीचे जिने झाडणं आणि कचऱ्याच्या जागेवर पहारा ठेवणं हे त्यांचं काम. काळसर वर्ण, पांढरे कुरळे केस करकचून बांधलेले आणि आवाज असा की चौथ्या मजल्यावरचं बाळ दचकून उठावं. जळणारा कचरा मंगळवारी आणि शुक्रवारी, प्लास्टिक बुधवारी, कागद दोरीने बांधून शनिवारी. यात कुणी वाटाण्याएवढी चूक केली तरी पिशवीवर लाल चिठ्ठी. बाकीच्यांच्या पिशव्या चिठ्ठी लागून तिथेच पडून राहायच्या. गुरसाळ्यांची मात्र मिझुनो-सान स्वतः उचलायच्या, चार मजले चढायच्या आणि दाराच्या मुठीला अडकवून जायच्या.

"गुरुसारे-सान," एकदा जिन्यापाशी सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या (गुरसाळे हे नाव त्यांच्या जपानी जिभेवर असंच वळायचं), "नारळाची करवंटी कुठल्या दिवशी टाकायची हे तुमच्या देशात शिकवत नाहीत, ते समजू शकते. पण दह्याचा डबा धुवायचा असतो हे तरी शिकवत असतील?"

"आपलं म्हणणं अगदी बरोबर आहे," मोरेश्वर वाकला.

"बरोबर आहे हे मला माहीत आहे. धुतलात का, ते विचारते आहे."

आठ वर्षं. एवढ्या काळात लोक मूल वाढवून शाळेत घालतात. या दोघांनी एक वैर वाढवलं.

त्यामुळे ऑक्टोबरातल्या एका रविवारी सकाळी दार वाजलं आणि बाहेर मिझुनो-सान हातात पिशवीऐवजी कागद घेऊन उभ्या दिसल्या, तेव्हा मोरेश्वरला वाटलं, आता लेखी तक्रार आली.

ते वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं आणि त्याबरोबर एक इंग्रजी अर्ज.

"वाचा," त्या दारातच म्हणाल्या. आत या म्हटलं तरी आल्या नाहीत.

अमेरिकेच्या सैन्यात एकेकाळी काळ्या शिपायांच्या वेगळ्या पलटणी असत. शिपाई काळे, अधिकारी बहुतेक गोरे. आपल्याकडेही कुठली जात लढाऊ आणि कुठली नाही हे इंग्रज साहेब कागदावर ठरवायचा, तसलाच कारभार. त्यांतली चोविसावी पायदळ पलटण महायुद्धानंतर जपानात, गिफूच्या छावणीत होती आणि १९५० साली तिथून कोरियाच्या युद्धावर गेली. तिथे ती पळाली, असा तिच्यावर ठपका बसला आणि पुढच्या वर्षी ती मोडलीच. आता इतक्या वर्षांनी या जुन्या पलटणींना देशाने सन्मानाचं पदक द्यावं अशी तिकडे खटपट चालू होती. तिला जोर यावा म्हणून शिपायांच्या वारसांची एक संघटना मुलानातवंडांची निवेदनं गोळा करून पुस्तिका काढणार होती. ती पुस्तिका पदकाचा निर्णय करणाऱ्यांच्या हातात जायची होती. ज्या शिपायाबद्दल निवेदन येईल त्याचं नाव आणि एक पान. नोव्हेंबरात योकोहामात वारसांचा मेळावा.

"माझा बाप त्या पलटणीत होता," मिझुनो-सान म्हणाल्या. दह्याचा डबा धुतलात का, हे ज्या सुरात विचारलं होतं त्याच सुरात. "मला इंग्रजी येत नाही. या इमारतीत येतं ते तुम्हाला. मी सांगते, तुम्ही लिहा. मी उपकार मागत नाही. महिनाभर तुमची पिशवी वर आणणार नाही."

दमयंती आतून मराठीत म्हणाली, "अहो, हो म्हणा. दोन महिने मागा."

मिझुनो-सान यांनी सात वाक्यं सांगितली. घरून पाठ करून आल्यासारखी, उंबऱ्यावर उभ्या राहून.

"माझे वडील कॉर्पोरल लेनर्ड पिकेट, चोविसाव्या पायदळ पलटणीचे. जुलै १९५० मध्ये ते गिफूहून कोरियाला गेले तेव्हा मी आईच्या पोटात तीन महिन्यांची होते. तिथे ही पलटण पाठ दाखवून पळाली असं गोऱ्या अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं, ते खोटं आहे. माझे वडील पायात गोळी घेऊन टेकडीवर राहिले. पळाले ते आमच्यापासून. नंतर तीस वर्षं त्यांनी अमेरिकेत टपाल खात्यात नोकरी केली आणि गिफूला एक पत्र टाकलं नाही. त्यांना पदक द्या, पण दोन्ही लिहा, ते कुठे पळाले नाहीत आणि कुठे पळाले."

मोरेश्वरने पेन खाली ठेवलं. "हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"ते मेल्यावर त्यांच्या गावच्या पेपरात छापून आलं होतं, ते मी एकाकडून जपानीत वाचून घेतलं. गोळी, टेकडी, टपाल, चार मुलं. चार." त्यांनी चार बोटं दाखवली. "मी पाचवी. खरं तर पहिली. शाळेत पोरं मला कोळसा म्हणायची. आईने मासळीच्या कारखान्यात हात सडवले. लिहिताय ना?"

"लिहितोय."

आणि त्याने लिहिलं. रात्रभर वगैरे विचार केला नाही. तासाभरात काम संपवलं. पण लिहिताना एकोणीस वर्षांचा हात आपोआप चालला. देशाकडे पदक मागायचं आणि त्याच कागदावर शिपायाची उणीदुणी काढायची? असा अर्ज कोण पुढे पाठवेल? म्हातारीचं काम व्हायला हवं. बापाचं नाव छापून यायला हवं. त्याने पाचवं वाक्य गाळलं, सहावं गाळलं, सातवं अर्धं ठेवलं. इंग्रजीत उतरलं ते असं: नियतीने आमची ताटातूट केली, तरी माझ्या शूर वडिलांच्या स्मृतीने मला आयुष्यभर बळ दिलं; एका लेकीचा त्यांना प्रणाम. वाचून त्याचं त्यालाच भरून आलं. मिझुनो-सान यांनी खाली आपला शिक्का उमटवला आणि कागद पोस्टात गेला.

तीन आठवडे गुरसाळ्यांच्या दारावर पिशवी आली नाही. दमयंती तर एकदा करवंटी प्लास्टिकमध्ये टाकून बघावी का, असंही म्हणाली.

चौथ्या आठवड्यात पुस्तिकेचा कच्चा छापील मजकूर आला. संघटना व्यवस्थित होती. जपानी वारसांना कळावं म्हणून तिने प्रत्येक निवेदनाखाली जपानी भाषांतर दिलं होतं.

शनिवारी सकाळी दार वाजलं नाही. बडवलं गेलं.

"ही कोण?" मिझुनो-सान यांनी पान मोरेश्वरच्या नाकासमोर धरलं. "नियतीने ताटातूट? नियती कोण? कुठल्या छावणीत होती ती?"

"मिझुनो-सान, त्यांनी नाकारलं असतं..."

"नाकारू दे! मी विचारलं होतं का, स्वीकारतील का म्हणून? 'स्मृतीने बळ दिलं'! मला त्याची स्मृतीच नाही, गुरुसारे-सान. पाहिलाच नाही त्याला. बळ कुठून देतो?"

"भावना पोचावी एवढंच..."

"कुणाची भावना? तुमची? तुमचा बाप होता तो?" त्यांचा आवाज खाली आला, आणि ते जास्त वाईट होतं. "आठ वर्षं तुम्ही जे एकत्र कालवून टाकता ते मी वेगळं करत आले. आता माझंच तुम्ही कालवलंत. अख्ख्या आयुष्यात मला कुणी सात वाक्यं बोलायची जागा दिली नव्हती. पहिल्यांदा मिळाली. ती तुम्ही खाल्लीत."

त्या तरातरा खाली निघून गेल्या. मग जुई चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, माझ्या पालकसभेसारखंच."

"तू गप गं," मोरेश्वर म्हणाला.

"का गप?" दमयंतीने विचारलं. "पोरगी बरोबर बोलते. तुमच्या आईने पंधरा वर्षांत मला दिलेल्या शिव्या मला हव्या होत्या, अहो. मी उत्तरं दिली असती. भांडलो असतो आणि एव्हाना आमचं जमलंही असतं. तुम्ही मधे साखर घालत बसलात आणि आम्ही दोघी उपाशी."

मोरेश्वरने संघटनेच्या माणसाला फोन लावला. रेमंड हॉलवे नावाचा निवृत्त नाविक, त्याच पलटणीतल्या एका सार्जंटचा नातू. मोरेश्वरने चूक कबूल केली आणि खरी सात वाक्यं वाचून दाखवली.

"मिस्टर गुरसाळे," हॉलवे म्हणाला, "आमच्या माणसांना सत्तर वर्षं लोक पळपुटे म्हणत आले. आता कुठे दार किलकिलं झालंय, आणि मी 'पळाले' असलेला कागद आत सरकवू? आधीचंच सुंदर आहे. तेच राहू दे."

"ते तिचं नाही."

"मेळाव्यात येऊन वाचायचं तर वाचू दे. जपानीत. तुम्ही भाषांतर करा. तुम्हाला जमतं ते, दिसतंच आहे."

टोमणा होता की सूचना, कळायला मोरेश्वरला एक क्षण लागला. सूचना होती. आधीचंच पुन्हा म्हण. म्हातारीला काय कळणार आहे?

तो तळमजल्यावर गेला. मिझुनो-सान यांनी दार वीतभर उघडलं. त्याने सांगितलं, छापतील याची खात्री नाही, पण वाचता येईल. सगळ्यांचं ऐकून झालं की मजकूर पक्का होणार आहे.

"भाषांतर कोण करणार?"

"मी."

त्या हसल्या. हसण्यात गंमत काहीच नव्हती. "मला इंग्रजी येत नाही, म्हणून तुम्ही निर्धास्त. पण एक ऐका. मी एक वाक्य म्हणेन, तुम्ही एक म्हणायचं. मी तुमच्याकडे बघणार नाही. ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघेन. पाचव्या वाक्याला तिथे कुणी मायेने हसलं, तर मी समजेन तुम्ही काय केलंत. आणि मग भर सभेत तुम्हाला चपलेने मारेन."

"मारा," मोरेश्वर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो 'आपलं म्हणणं बरोबर आहे' म्हणाला नाही.

योकोहामातल्या सभागृहात साठेक माणसं होती. भिंतीवर जुने फोटो: गिफूच्या छावणीत रांगेत उभे काळे शिपाई, चकचकीत बूट, मागे पाइनची झाडं. मिझुनो-सान फोटोंपुढून एकदा चालत गेल्या. थांबल्या मात्र कुठेच नाहीत. एकामागून एक वारस उठत होते. आजोबांचं शौर्य, आजोबांचा बाणेदारपणा, टाळ्या, रुमाल. हॉलवेने मोरेश्वरला बाजूला घेतलं. "लक्षात आहे ना? सभेचा सूर बघा." आणि खांद्यावर थाप मारली. दोन्ही काठांचे साहेब मारतात तशीच थाप.

मिझुनो-सान माइकपाशी गेल्या. पहिलं वाक्य. मोरेश्वरने म्हटलं. नाव ऐकून लोकांनी माना डोलावल्या. दुसरं. एक-दोन चेहरे हळवे झाले. तिसरं: ते खोटं आहे. टाळ्या! चौथं, पायात गोळी, आणखी मोठ्या टाळ्या. सभागृह आता मिझुनो-सान यांचं होतं. सगळे मायेने बघत होते आणि त्या सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होत्या.

"पळाले ते आमच्यापासून," त्या जपानीत म्हणाल्या.

मोरेश्वरच्या जिभेवर 'नियती' येऊन बसली होती. एकोणीस वर्षांची पाळीव जीभ; दोर सोडला की आपल्या वाटेने जाणारी. पहिल्या रांगेतून हॉलवे त्याच्याकडे टक लावून होता. मोरेश्वरने इंग्रजीत तेवढेच शब्द म्हटले, एक जास्त नाही, एक कमी नाही.

टाळीसाठी वर आलेले हात तसेच राहिले. मिझुनो-सान यांनी ते पाहिलं, नीट, डावीकडून उजवीकडे, आणि सहावं वाक्य घेतलं. टपाल खातं. त्याने म्हटलं. मागून एक पुरुषी आवाज आला, "मेलेल्या शिपायाला लाज आणायला आलीस का, बाई?" सातवं वाक्य त्या गोंधळातच झालं. मोरेश्वरला ते ओरडून म्हणावं लागलं, त्यामुळे ते होतं त्याहून कडक निघालं. मऊ करण्यात हयात गेलेल्या माणसाकडून झालेली ही पहिली उलटी चूक.

हॉलवे उठून माइकपाशी आला. "आम्ही कुटुंबाच्या भावना समजतो, पण हे पुस्तिकेत..."

"बस खाली, रेमंड," कोणीतरी म्हणालं. तिसऱ्या रांगेत हिरवा स्कार्फ घातलेली, शिकागोहून आलेली एक बाई. जागेवरूनच बोलली, आणि तिच्याही आवाजात माया नव्हती. "मला ही म्हातारी आवडलेली नाही. माझ्या बापाबरोबर लढलेल्या माणसाला तिने सगळ्यांसमोर झोडलं. पण माझा बाप मरेपर्यंत एकच म्हणत होता. अधिकाऱ्यांनी त्यांना सोयीचं तेवढं लिहिलं. आता लिहायचं आपल्या हातात आलं, तर आपणही सोयीचं तेवढंच लिहायचं? मग त्या अधिकाऱ्यांना कशाला शिव्या द्यायच्या?"

"हा प्रश्न पदकाचा आहे, ग्लोरिया!"

"गोळी लागलीच होती ना त्याला? मग पदक त्याचं आहे. मुलीला टाकलं म्हणून ते परत घेणार असतील तर घेऊ दे. छाप."

वीस मिनिटं हमरीतुमरी झाली. कोणी उठून गेलं, कोणी मिझुनो-सान यांच्याकडे पाठ करून बसलं. शेवटी हॉलवेने मान्य केलं, तेही दाढ काढायला तोंड उघडावं तसं: सातही वाक्यं छापू. शेवटच्या पानावर. खाली बारीक अक्षरात टीप, की या मताशी संघटना सहमत असेलच असं नाही. मोरेश्वरने ते मिझुनो-सान यांना सांगितलं, टिपेसकट.

"टीप राहू दे," त्या म्हणाल्या. "नाव आलं आणि वाक्यं आली."

जुनं पान त्यांनी मागून घेतलं, आपल्या हाताने आडवं खोडलं, शिक्का मारला. हॉलवेशी हस्तांदोलन केलं नाही. त्यानेही हात पुढे केला नव्हता.

परतीच्या गाडीत बसायला जागा मिळाली. मिझुनो-सान खिडकीपाशी, मोरेश्वर शेजारी, मधे त्यांची पर्स, सीमेवरच्या कुंपणासारखी. आभाराचा शब्द नाही. कावासाकी स्टेशन येऊन गेलं. मग त्या समोर बघतच म्हणाल्या, "तो माणूस तुम्हाला बाजूला घेऊन काय म्हणाला?"

"सभेचा सूर बघा, असं."

"आणि मागून ओरडला तो?"

"मेलेल्या शिपायाला लाज आणायला आलीस का, बाई."

"हं. हिरव्या स्कार्फवाली?"

"तिला तुम्ही आवडला नाहीत. तसं ती म्हणालीच."

मिझुनो-सान यांनी यावर समाधानाने मान हलवली. "आणि शेवटी, मी कागद खोडत होते तेव्हा, तो हॉलवे शेजारच्याला काहीतरी म्हणाला. तुम्ही ऐकलंत. तुमचा चेहरा पडला."

मोरेश्वरने डब्यात नजर फिरवली. समोरच्या बाकावर गणवेशातल्या दोन मुली, एक झोपलेला कारकून. या डब्यात मोठ्याने कुणी बोलत नाही.

"किरकोळ होतं," तो म्हणाला.

"गुरुसारे-सान."

"तो म्हणाला..." मोरेश्वरने टाय सैल केला. "तो म्हणाला, कडवट म्हातारी आहे."

"एवढंच? त्याचे ओठ जास्त वेळ हलत होते."

"दोन शब्द आणखी होते."

"मग ते सांगा."

मोरेश्वरने ते सांगितले, जपानीत, जसेच्या तसे. समोरच्या मुलींनी एकदमच मोबाइलमधून माना वर केल्या. मिझुनो-सान यांनी शब्द तोंडातल्या तोंडात एकदा घोळवून पाहिले, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "पुढे? त्यावर शेजारचा काय म्हणाला?"